ट्रॅक्टर म्हणून नोंदलेली वोल्वो

"सिक्स्टेनआजोबा, तुम्ही आमच्या आजोबांची गाडी का कापलीत?"

विचारलं! एकदाचं विचारून टाकलं! कुंपणापलीकडे माझ्या मैत्रिणी टिंड्रा आणि एल्सा सायकली धरून उभ्या होत्या. एल्सानं तोंडावर हात ठेवला आणि टिंड्रा तर चक्क रस्त्यातच खाली बसली. शाळेच्या बसमध्ये दोघींनी पैज घातली होती, की यिल्वा, हे त्यांना तोंडावर विचारून दाखव, मग तुला मानलं. ग्रानत्रेस्क गावात हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात होता. पण आमच्याकडे लोक असले प्रश्न विचारत नाहीत. दुसऱ्याच्या अंगणात गेलं की थंडीबद्दल बोलतात, कॉफी पितात आणि घरी येऊन उत्तर आपणच ठरवून टाकतात. मीही तशीच होते. पण उन्हाळ्यात मला पंधरा पूर्ण झाली, मागोमाग मोपेडचं लायसन्स मिळालं, आणि शाळेच्या नाटकात चक्क राणीचं काम मिळालं. आपला आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत पोचतो हे एकदा कळलं ना, की मग माणसाला गप्प बसवत नाही.

बाबा माझ्याबरोबर गाडी बघायला आला होता. तो एकदम वाकून टायर न्याहाळायला लागला. त्या टायरमध्ये न्याहाळण्यासारखं काहीही नव्हतं.

सिक्स्टेनआजोबांनी टोपी मागे सरकवली. हे आमच्या हेल्गेआजोबांचे धाकटे भाऊ. सत्तरी कधीच उलटलेली, उंच, थोडे वाकलेले, सगळं आयुष्य जंगलात लाकडं ओढणाऱ्या यंत्रांवर गेलेलं. उत्तर म्हणून त्यांनी नुसता श्वास आत ओढला. आमच्या उत्तरेकडचा 'हो' असाच असतो, दाराच्या फटीतून वारा आत यावा तसा. पण 'का'ला 'हो' हे उत्तर कसं होईल?

"कॉफी घेणार?" ते म्हणाले.

गाडी शेडच्या पुढे उभी होती. बिस्किटी रंगाची, चौकोनी, हेल्गेआजोबांनी जीव लावलेली वोल्वो. म्हणजे, तिचा पुढचा अर्धा भाग. मागची बाकं काढलेली, छप्पर पुढच्या दोन खुर्च्यांच्या पाठीशी कापलेलं, तिथं पत्र्याची भिंत, आणि मागे फळ्यांचा उघडा हौदा. पाठीवर हळू वाहनाची खूण म्हणून हा एवढा लाल त्रिकोण. कागदोपत्री ती गाडी नाहीच. ट्रॅक्टर आहे. फार पूर्वी शेतकऱ्यांना खरे ट्रॅक्टर परवडत नव्हते, तेव्हा जुन्या गाड्या कापून असे ट्रॅक्टर करायची मुभा मिळाली होती, आणि मग शेतकऱ्यांच्या पोरांनी ती मुभा सोडलीच नाही. ट्रॅक्टर म्हणून नोंद, त्यामुळे ताशी तीसच्या वर जायचं नाही. आणि ताशी तीसच्या वर जात नाही, त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलीला मोपेडच्या लायसन्सवर ती चालवता येते!

मला ती हवी होती. किती हवी होती ते सांगते. शाळा ओसेलेला, आणि आमच्या गावची बस शाळा सुटल्या सुटल्या निघते. तालीम त्यानंतर. आई ओसेलेच्या वृद्धाश्रमात पाळ्या करते, बाबा आठवडाभर जंगलात. गेल्या महिन्यात माझ्या इतक्या तालमी बुडाल्या, की नाटकाच्या बाईंनी एकदा मला बाजूला घेऊन फार प्रेमानं सांगितलं, "यिल्वा, राणीशिवाय नाटक बसवता येत नाही गं." म्हणजे काय ते मला कळलं. दुसरी राणी शोधणार. आणि त्याच आठवड्यात दुकानाच्या फलकावर, दुकानदाराच्या अक्षरात, सिक्स्टेनआजोबांची चिठ्ठी दिसली: वोल्वो विकणे आहे, ट्रॅक्टर.

"विकताय कशाला काका?" बाबानं टायरला विचारलं.

"आता कशाला लागतेय." मग जरा थांबून, "वहिनींना विचारलंत का?"

बाबाचे कान लाल झाले. वहिनी म्हणजे माझी गुन्वोरआजी, आणि हेल्गेआजोबांना मातीत ठेवल्यानंतर, गाडी कापली गेल्यानंतर, ती सिक्स्टेनआजोबांशी एक शब्दही बोललेली नव्हती.

"मग रविवारी तुम्हीच या ना आजीकडे," मी म्हटलं. अगदी राणीच्या आवाजात. "पाल्ट करणार आहोत. तिथंच विचारू."

बाबाला ठसका लागला. त्याच्या तोंडात काहीही नसताना.

परत येताना तो म्हणाला, "आजीला तूच सांगायचंस. मी रविवारी आजारी असणार आहे."

*

रविवारी सकाळी आजीच्या स्वयंपाकघरात काचा घामेजल्या होत्या. आजी पाल्टच्या गोळ्यांसाठी किसलेल्या कच्च्या बटाट्यात पीठ मळत होती आणि मी आत भरायला खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे करत होते. केर्स्टिनआत्या, बाबाची थोरली बहीण, आदल्या दिवशीच उमेओ शहरातून आली होती आणि आल्यापासून आजीची कपाटं नव्यानं लावत होती.

"आजी, आज एक ताट जास्त मांडायचं हं."

"कोण येतंय?"

"सिक्स्टेनआजोबा."

आजीचे हात पिठात तसेच राहिले. "कुणी बोलावलं?"

"मी."

"कुणाच्या घरी?"

"तुझ्या," मी म्हटलं. "मला स्वतःचं घर नाहीये ना अजून."

आत्या हसली आणि लगेच खोकली. आजी हसली नाही. तिनं पिठाचा एक गोळा केला, तो बराच वेळ वळत राहिली, गरजेपेक्षा खूपच गोल.

त्या वेळी तिच्या डोळ्यांपुढे काय होतं ते तिनं मला नंतर सांगितलं, म्हणून मला ठाऊक आहे. तिच्यापुढे ही खिडकी होती, आणि हेल्गेआजोबा गेल्यानंतरचा वसंत. दवाखान्यात आजोबा म्हणाले होते, गाडी सिक्स्टेनला. कारण सांगितलं नाही. आजीनं विचारलंही नाही. त्यांची शेवटची इच्छा म्हणून अंत्यविधीच्या दिवशीच किल्ली स्वतःच्या हातानं दिराच्या हातावर ठेवली. आणि बर्फ वितळल्यावर एका सकाळी ती या खिडकीशी कॉफी घेऊन उभी असताना ती गाडी आली. अर्धी. मागे फळ्या, पाठीला त्रिकोण. ज्या बाकावर तिची दोन्ही पोरं भांडत-झोपत मोठी झाली ते बाकच नाही. "वेगात गेली असती तर बरं झालं असतं गं," आजी म्हणाली. "डोळ्यांपुढून झर्रकन गेली असती. पण तीसनं जात होती. मला रागवायला भरपूर वेळ मिळाला."

"येऊ दे काकांना," आत्या म्हणाली. "बरंच झालं. समोरासमोर बोलता येईल. मी माणूस शोधून ठेवलाय उमेओमध्ये. भंगारातून तसल्याच वोल्वोचा मागचा भाग मिळतो, तो जोडून देतो म्हणाला. बाकं बसवायची, तपासणी करायची, आणि पुन्हा गाडी म्हणून नोंद. आई, पप्पांची गाडी पुन्हा गाडी होईल!"

आजीनं आत्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतकी आशा होती, की मी सुरी खाली ठेवली. कारण मला आजीला नाही म्हणता येत नाही, आणि पुन्हा गाडी झालेली गाडी मला चालवता येणार नव्हती.

तेवढ्यात आई आली. रात्रपाळी करून थेट, डोळ्यांखाली काळं, हातात लिंगोनच्या लाल रानफळांच्या मुरंब्याची बरणी. दारातूनच तिनं शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

"केर्स्टिनताई, गाडी करायची म्हणजे यिल्वाला तीन वर्षं थांबायचं का?"

"मारित, तिला दुसरा ट्रॅक्टर मिळेल. ओसेलेत प्रत्येक पोराच्या बुडाखाली एक आहे."

"आणि त्यातला प्रत्येक चोरून ऐंशीनं पळतो. काकांनी बांधलेला एकच असा आहे की जो खरोखर तीसनं जातो. माझी पोर त्यात बसेल तेव्हा मला झोप लागेल. मला झोप हवीय ताई. तिला सोडायचं, आणायचं, मग पाळी. मी थकलेय."

"पण ती पप्पांची आठवण आहे!"

"उमेओत दर थोड्या वेळानं बस येते ना," आई गोड आवाजात म्हणाली. "तिथं आठवणी परवडतात."

झालं! आता दोघी बाबाकडे वळल्या. तो आजारी पडला नव्हता, कोपऱ्यात बसून मुरंब्याच्या बरणीचं झाकण उघडत होता. ते केव्हाच उघडलं होतं.

"तोर्ब्यर्न, तू बोल की!"

"मला वाटतं," बाबा म्हणाला, "पाणी उकळलंय."

माझा बाबा असा आहे. लोक त्याला भित्रा म्हणतात. मला त्याचं वेगळंच दिसतं. पुढे आजी, एका बाजूला बहीण, दुसरीकडे बायको, आणि मधे मी. जिच्या बाजूनं बोलावं तिच्यासाठी बाकी तिघी दुखावणार. त्या उकळत्या भांड्यात त्यानं एकेक गोळा इतक्या हळुवारपणे सोडला, की जणू सगळं घरच त्याच्या हातात होतं.

*

गाडी तळ्याच्या वळणावर दिसली आणि आम्ही सगळे खिडकीशी गेलो. मग थांबलो. मग आणखी थांबलो. तळ्यापासून आजीच्या फाटकापर्यंत ताशी तीसनं यायला जो वेळ लागतो, तेवढ्यात आजीनं अ‍ॅप्रन काढला, परत घातला, आणि परत काढला.

सिक्स्टेनआजोबा उतरले. कोट घातला होता, काळा. मला वाटतं त्यांच्याकडे तो एकच चांगला कोट होता, आणि तो त्यांनी याआधी कुठे घातला होता ते आम्हा सगळ्यांनाच आठवलं. ते पायरीपर्यंत आले आणि तिथंच थबकले. वाटभर ते एकच वाक्य घोकत आले होते, ते मला त्यांनीच पुढे एकदा सांगितलं. वाक्य अवघड नव्हतं. आमच्याकडे कुणीही कुणालाही भेटलं की आधी मागच्या भेटीचे आभार मानतात. ती भेट कालची असो, की कधीची. न मानणं म्हणजे शिवी दिल्यासारखंच. पण या दोघांची मागची भेट होती हेल्गेआजोबांच्या अंत्यविधीची. तिचे आभार कसे मानायचे? आणि नाही मानले, तर आत कसं यायचं?

आजी दारात आली.

"वहिनी," ते म्हणाले, आणि टोपी काढली. "मागच्या भेटीबद्दल आभार."

आईनं माझा दंड धरला होता.

"तुमचेही, भावजी," आजी शेवटी म्हणाली. "तुम्ही आणलेली फुलं सुंदर होती." मग एकदम बाजूला झाली. "आत या. पाल्ट निवतील."

आणि मी सांगते, त्या क्षणी मला टिंड्राचे आणि एल्साचे पाय धरावेसे वाटले. त्यांनी पैज लावली नसती तर मी तोंड उघडलं नसतं, आणि ती दोघं तशीच एका रस्त्याच्या दोन टोकांना म्हातारी होत गेली असती.

जेवताना सगळे हवेबद्दल बोलले. थंडी लवकर पडली. तळ्याच्या काठाला बर्फ धरलं. गोळा फोडायचा, मधल्या खळग्यात लोण्याचा तुकडा वितळू द्यायचा, वर लिंगोन. सिक्स्टेनआजोबांनी तीनदा वाढून घेतलं. आजी बघत होती. घरी एकटा माणूस स्वतःसाठी पाल्ट करत नाही, हे तिला माहीत होतं.

मग आत्यानं ओठ पुसले. तिच्या मनात खरंच वाईट काही नव्हतं. ती जे बोलली ते मायेनंच बोलली.

"काका, आम्ही ती गाडी परत जोडून घ्यायची म्हणतोय. पुन्हा खरी गाडी. आणि जोडून झाली की पहिली फेरी तुमची! तुम्ही चालवायची. थेट समुद्रापर्यंत, ताशी नव्वदनं. आम्ही सगळे मागे बसतो."

सिक्स्टेनआजोबांनी काटा ताटाच्या कडेला ठेवला.

"मला नाही चालवता यायची."

"का? गुडघा?"

"गुडघा बरा आहे."

"मग?"

"लायसन्स नाही."

बाबा दचकला. "काढून घेतलं? कधी?"

"नव्हतंच कधी," ते म्हणाले. "ट्रॅक्टरचं आहे. गाडीचं नाही."

पाल्ट खाल्ल्यावर आमच्या घरात सगळे जागच्या जागी पेंगतात. त्या दिवशी कुणीच पेंगलं नाही.

ते ताटाकडे बघत बोलले. हळूहळू, ताशी तीसनंच म्हणा ना. "हेल्गे आणि मी एकाच दिवशी गेलो होतो परीक्षेला. गाडी मी त्याच्यापेक्षा बरी चालवली. मग कागद दिला भरायला. अक्षरं माझ्यापुढे कधी सरळ उभी राहिलीच नाहीत. शाळेतही नाही. ट्रॅक्टरच्या वेळी मास्तरांनी प्रश्न वाचून दाखवले होते, चांगले होते ते. इथं कोण वाचणार? कागद कोरा ठेवून बाहेर आलो. हेल्गेला म्हटलं, पुढच्या वर्षी. तो म्हणाला, ठीक आहे, तोवर मी नेतो." त्यांनी पेला सरळ केला. "पुढचं वर्ष काही आलं नाही. तो नेत राहिला."

आजीनं ताट बाजूला सारलं. "सगळा जन्म मी तुम्हाला त्या शेजारच्या खुर्चीत बघितलं. खिडकीतून बघायची आणि म्हणायची, निघाली बघा स्वारी! माझा नवरा फुकटचा ड्रायव्हर केलाय."

"हो." श्वास आत. "ऐकू यायचं."

"आणि त्यानं मला एका शब्दानं सांगितलं नाही!"

"मीच शपथ घातली होती, वहिनी. त्याच्यावर रागावू नका."

"म्हणून गाडी तुम्हाला दिली त्यानं," आजी म्हणाली. आम्हाला नाही, स्वतःलाच. "आणि म्हणून तुम्ही ती…"

"दुकानात जायचं होतं," सिक्स्टेनआजोबा म्हणाले.

एवढंच. एवढंच उत्तर होतं माझ्या प्रश्नाचं! गावानं काय काय ठरवलं होतं. मत्सर, वारसा, भंगाराची हाव. आणि त्या माणसाला दूध आणि कॉफी आणायला दुकानात जायचं होतं, आणि नेणारा भाऊ गेला होता. ट्रॅक्टर केल्याशिवाय ती गाडी त्यांना चालवता येत नव्हती. जशी मला येत नव्हती.

"मला सांगायचंत ना! मी नेलं असतं!" आजीचा आवाज चिरकला.

"तुम्ही बोलत नव्हतात माझ्याशी."

"तुम्ही गाडी कापलीत म्हणून!"

"हो. आणि मी कापली ती…"

दोघंही थांबली. आजीनं आमच्याकडे पाहिलं, जणू कुणीतरी आता हे सोडवून दाखवावं. मग तिला हसू फुटलं, आणि ते हसू मधेच कुठेतरी दुसरंच काहीतरी झालं. तिनं टेबलावरून हात पुढे केला आणि सिक्स्टेनआजोबांच्या मनगटावर ठेवला. आमच्याकडे कुणी असं करत नाही. त्यांनी तो हात एखाद्या पाखराकडे बघावं तसा बघितला, हलले तर उडेल म्हणून.

आईला आधी सुचलं. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईबापांना सांभाळून सांभाळून तिला असं सुचतं. "काका, पण मग विकल्यावर तुम्ही कसे येणार-जाणार?"

"ओसेलेत नाव घातलंय. तुमच्या त्या इमारतीतच, वरच्या मजल्यावर. वसंतात खोली रिकामी होतेय." मग घाईघाईनं, "चांगली आहे खोली. दुकान समोरच. वहिनींना ती गाडी डोळ्यांपुढे नको होती, आणि पोरीला हवी होती. म्हटलं, घरच्या घरात राहतेय."

तळ्याकाठचं घर. त्यांच्या बापानं बांधलेलं, जिथून हेल्गेआजोबा आणि ते एकाच होडीत मासे धरायला जायचे. ते सोडून आईच्या वृद्धाश्रमातल्या वरच्या मजल्यावर. मला गाडी मिळावी म्हणून.

"मी त्या माणसाला फोन करते," आत्या एकदम उठली. डोळे लाल झाले होते. "मागचा भाग नको म्हणून सांगते. पप्पांना ती जशी हवी होती तशीच आहे ती. मीच मूर्ख."

"बस खाली, कुणी मूर्ख नाही," आजी म्हणाली. "भावजी, गाडी विकायची नाही. मी तोंड वर करून सांगते, विकायची नाही! रोज माझ्या खिडकीपुढून न्या."

"अहो पण आई," माझी आई म्हणाली, आणि तिचा आवाज किती थकलेला होता, "मग यिल्वाचं काय? तिचं नाटक?"

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. सकाळी आत्या आणि आजी एका बाजूला होत्या, आई माझ्या बाजूला. आता आत्या, आजी आणि सिक्स्टेनआजोबा एका बाजूला, आणि आई एकटी माझ्यासाठी लढत होती, रात्रभर जागून. आणि बाबा पहिल्यांदाच एक बाजू घेऊन म्हणाला, "मारित बरोबर बोलतेय. पोरीला आशा लावलीय आपण. काका, मी तुमच्यासाठी आठवड्यातून एकदा सामान आणून देईन…" आणि पुढे त्याला बोलवेना, कारण सामान आणून देणं आणि स्वतः दुकानात जाणं यांतला फरक त्याला इतरांपेक्षा जास्त कळतो.

मला ती गाडी हवी होती. अजूनही हवी होती, खोटं कशाला बोलू! पाठीवर त्रिकोण, शेजारी टिंड्रा, मोठ्यानं गाणी, आणि तालमीला वेळेवर पोचलेली राणी. पण त्या टेबलाभोवती जे बसले होते ते सगळे कुणा ना कुणासाठी काहीतरी सोडायला निघाले होते, आणि त्यातलं निम्मं माझ्यासाठी होतं. इतकं मिळालेल्या माणसानं आणखी हात पसरायचा नसतो. डोकं चालवायचं असतं.

"सिक्स्टेनआजोबा," मी विचारलं, "तुम्हाला सकाळी लवकर उठायला चालतं?"

"मी उठलेलाच असतो."

"आणि संध्याकाळी काय करता?"

त्यांनी विचार केला. "खिडकीत बसतो."

"आणि अख्ख्या घरात फक्त आपल्या दोघांनाच दुसरी कुठली गाडी चालवायची परवानगी नाही. बरोबर?"

त्यांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या. मी काय म्हणतेय ते त्यांना माझ्या आधी कळलं असावं. "मला कसली घाई नाही," ते म्हणाले. "तीस पुरे."

"मग मलापण कधीमधी न्या," आजी म्हणाली. "गुरुवारी मासळीवाला येतो ओसेलेत."

"खुर्च्या दोनच आहेत, आई," बाबा म्हणाला.

"मागे फळ्यांवर बसेन!"

"हौद्यात माणसं बसवायला बंदी आहे, आजी!"

"कुणी घातली बंदी? मी बोलते त्यांच्याशी."

सगळे हसले, आईसुद्धा. आणि मला कळलं की हीच वेळ. मी उठून उभी राहिले, खुर्ची मागे सारली, आणि शेवटच्या भिंतीपर्यंत जातो तो आवाज काढला. मग लक्षात आलं की भिंत हाताच्या अंतरावर आहे, म्हणून थोडा कमी केला.

"आई, बाबा, मी ठरवलंय. ती गाडी मी विकत घेत नाही. ती सिक्स्टेनआजोबांच्या नावावर राहील आणि ट्रॅक्टरच राहील. उद्यापासून मी बसनं जाणार नाही. सकाळी त्यांच्या अंगणात सायकल ठेवीन, ओसेलेपर्यंत मी चालवीन, ते शेजारी बसतील. दिवसा गाडी त्यांची, कुठेही जावोत. तालीम संपली की ते मला घ्यायला येतील, आणि येताना ते चालवतील, मी संवाद पाठ करीन. माझे साठवलेले पैसे हिवाळी टायरांना. आणि आई, तुमच्या त्या इमारतीत फोन करून सांग, वरच्या मजल्यावरची खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं. आमच्या माणसाला रोज शाळेत जायचंय."